फक्त सहाव्या जॉर्जची नाणी जमवायची आहेत: संच कसा आखावा आणि १९३९ चा रुपया कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात ब्रिटिश राजवटीतली तीस-चाळीस नाणी निघाली. त्यांतली बरीचशी सहाव्या जॉर्जची आहेत, म्हणून आता फक्त याच राजाची भारतातली सगळी नाणी जमवायची आहेत. ती एकूण किती, सुरुवात कुठून करावी, काळी पडलेली नाणी घासावीत का, आणि ओळखीतले एक गृहस्थ १९३९ चा रुपया देऊ करताहेत तो घ्यावा का.

प्रश्न चार असले तरी खरी अडचण पहिल्यातच आहे. ‘सगळी’ म्हणजे कुठपर्यंत, ही हद्द आधी आखली नाही तर हा संच पुरा होत नाही. बहुतेकांचं होतं असं की सुरुवातीलाच मोठमोठे चांदीचे रुपये घेण्यात पैसे संपतात आणि पै, अर्धा पैसा, अर्धा आणा या नाण्यांपर्यंत माणूस पोहोचतच नाही. या राजाच्या नाण्यांमधली खरी मौज तर त्या किरकोळ नाण्यांत आहे. तुमचं बजेट किती, तुम्ही मोठ्या शहरात राहता की लहान गावात, यावर काही उत्तरं बदलतील. जिथे बदलतात तिथे तसं सांगतो.

आधी काळाची हद्द. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली आणि सहावा जॉर्ज राजा झाला. एडवर्डच्या नावाचं ब्रिटिश हिंदुस्थानचं नाणं चलनात आलंच नाही. कच्छ आणि जोधपूर संस्थानांनी मात्र त्याच्या नावाची नाणी पाडली. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवरची सर्वांत आधीची तारीख १९३८ आणि शेवटची १९४७. त्यामुळे १९३७ तारखेचं ‘दुर्मिळ’ नाणं कुणी दाखवलं तर पुढे बोलू नका. ही नाणी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, कारण भारताची स्वतःची नवी नाणी आली ती १५ ऑगस्ट १९५० ला.

डब्यातली नाणी वेगळी करताना पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची गल्लत होते, कारण दोघांच्याही डोक्यावर मुकुट आहे. पाचव्याला दाढी आहे आणि अंगावर राजवस्त्र आहे. सहावा सफाचट आहे आणि त्याचं चित्र मानेपाशी संपतं. एक अपवाद लक्षात ठेवा: भोकाच्या पैशावर राजाचं डोकंच नाही, फक्त मुकुट आहे. तरी तो याच राजाचा.

जागेची हद्दही ठरवा. कच्छच्या कोऱ्यांवर (कोरी हे त्या संस्थानचं नाणं) सहाव्या जॉर्जचं नाव फारसी लिपीत येतं. सिलोन आणि पूर्व आफ्रिकेच्या नाण्यांवरही हाच राजा आहे. ही नाणी चांगलीच आहेत, पण पहिल्या संचात ती घेऊ नका. फक्त ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनातली नाणी, एवढंच धरा. टाकसाळींनी संग्राहकांसाठी काढलेली प्रूफ नाणीही बाजूला ठेवा. त्यांचे भाव वेगळ्या पातळीवर असतात.

आता किती? मी तीन पायऱ्या करायला सांगतो, आणि पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू करू नका असंही सांगतो. पहिली पायरी: प्रत्येक किमतीचं, प्रत्येक धातूतलं एकेक नाणं. तारीख कोणतीही चालेल. असा हिशेब केला तर १९ नाणी होतात.

तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणजे ब्राँझची चार: पै (एक आण्याचा बारावा भाग), अर्धा पैसा, पाव आणा आणि १९४३ पासूनचा भोकाचा पैसा. अर्धा आणा दोन धातूंत: १९४२ ते १९४५ चा पिवळा निकेल-ब्रास (निकेल मिसळलेलं पितळ), आणि १९४६-४७ चा पांढरा क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेल यांचं मिश्रण). एक आणा आणि चवली, म्हणजे दोन आणे, यांचंही तसंच. पांढरी आणि पिवळी अशी दोन-दोन. मग पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) आणि रुपया प्रत्येकी तीन धातूंत: जुन्या प्रतीची चांदी, हलक्या प्रतीची चांदी आणि निकेल. चार, सहा आणि नऊ मिळून एकोणीस.

हे एकोणीस ओळीने मांडले की दुसऱ्या महायुद्धाचा जमाखर्च समोर येतो, आणि म्हणूनच हा राजा संग्रहासाठी मला सर्वांत चांगला वाटतो. १९३८-३९ चे रुपये व्हिक्टोरियाच्या काळापासून चालत आलेल्या प्रमाणाचे आहेत: ११.६६ ग्रॅम वजन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. युद्ध सुरू झालं, लोक चांदीची नाणी दडवू लागले, आणि १९४० मध्ये टप्प्याटप्प्याने चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. या नव्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त असतं. वजन तेच, आकार तोच, चांदी जवळजवळ निम्मी. निकेल युद्धसामग्रीला लागत होतं, म्हणून १९४२ मध्ये अर्धा आणा, आणा आणि चवली पिवळ्या निकेल-ब्रासमध्ये आले. ४.८६ ग्रॅमचा पाव आणा परवडेना, तेव्हा १९४३ मध्ये जेमतेम दोन ग्रॅमचा, मध्ये मोठं भोक असलेला पैसा आला. युद्ध संपल्यावर अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. म्हणून १९४६-४७ मध्ये पावली आणि अधेली, आणि १९४७ मध्ये रुपयाही शुद्ध निकेलचा झाला. या तिन्ही निकेल नाण्यांच्या मागे पट्टेदार वाघ आहे.

दुसरी पायरी म्हणजे तारखा. प्रत्येक किमतीचं, निघालं त्या प्रत्येक वर्षाचं एकेक नाणं. इथे एक सवलत घ्या. सगळ्या किमतींच्या तारखा एकदम मागे लागून गोळा करू नका. एक किंमत निवडा आणि ती पुरी करा. आणा किंवा चवली निवडलीत तर फार उत्तम: तारखा भरपूर, नाणी स्वस्त, आकार देखणा (आण्याची कडा बारा पाकळ्यांची, चवली गोल कोपऱ्यांची चौकोनी), आणि मागच्या बाजूला इंग्रजीशिवाय देवनागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत किंमत लिहिलेली. भोकाच्या पैशाच्या तारखा आणि त्यातले मुकुटांचे, अंकांच्या आकाराचे फरकही थोड्या पैशांत जमतात.

तिसरी पायरी टाकसाळीच्या खुणांची आणि चेहऱ्याच्या प्रकारांची. कलकत्त्याच्या नाण्यांवर सहसा खूण नसते. मुंबईच्या नाण्यांवर तारखेखाली बारीक ठिपका किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. लाहोरची टाकसाळ युद्धकाळात, १९४३ मध्ये सुरू झाली आणि तिची खूण म्हणजे लहानसं ‘एल’ अक्षर. पण ‘खूण नाही म्हणजे कलकत्ता’ हा नियम सरसकट लावू नका. १९३८ चा मुंबईचा रुपया तारखेखाली ठिपका असलेला मिळतो आणि ठिपका नसलेलाही मिळतो. म्हणून खुणेची यादी किंमत आणि वर्ष यांप्रमाणे पाहावी लागते. झिजलेल्या नाण्यावर ठिपका पुसला गेलेला असू शकतो, म्हणून या पायरीवर कमी झिजलेलीच नाणी घ्या.

चेहऱ्याचे प्रकार असे. मुकुटधारी डोकं पर्सी मेटकाफ या शिल्पकाराने घडवलं. सुरुवातीच्या नाण्यांवर ते जास्त उठावाचं आहे. नंतर ते कमी उठावाचं केलं गेलं आणि काही नाण्यांवर मुकुटही लहान झाला. एकच नाणं हातात असेल तर हा फरक ओळखता येत नाही. १९३८ चा एक आणि १९४५ चा एक आणा शेजारी ठेवा, दिवा एका बाजूने पाडा, मुकुटाची उंची आणि कडेच्या मण्यांपासूनचं अंतर पाहा. एकदा डोळ्याला कळलं की मग चुकत नाही. पण पहिली पायरी पुरी झाली नसेल तर या फरकांसाठी एक पैसाही जादा देऊ नका.

नाण्याची स्थिती किती चांगली हवी, हे खिशावर अवलंबून आहे, पण सगळ्या किमतींना एकच मापदंड लावू नका. ब्राँझ, क्युप्रोनिकेल, निकेल-ब्रास आणि निकेल यांत जवळजवळ न वापरलेली नाणी अजूनही आवाक्यात असतात. तिथे झिजलेलं घेऊन समाधान मानलंत तर नंतर तेच बदलण्यात दुप्पट खर्च होईल. जुन्या प्रतीच्या चांदीत मात्र मध्यम स्थितीचं, स्वच्छ, न घासलेलं नाणं पुरे. झीज पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: मुकुटावरचा क्रॉस आणि कमानीवरचे मणी, भुवई, कानाची वरची कड, कानामागचे केस. मागच्या बाजूला फुलांचे मधले भाग. ५० टक्के चांदीच्या रुपयांत एक फसगत होते. त्यांतल्या काहींवर ठसाच कमजोर उमटलेला असतो, त्यामुळे न वापरलेलं नाणंही झिजल्यासारखं दिसतं. एका दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. चकाकीचा पट्टा मुकुटावरून आणि गालावरून अखंड फिरला तर ठसा कमजोर आहे, नाणं झिजलेलं नाही. पट्टा उंचवट्यांवर तुटला तर झीज.

याच रुपयांबद्दल आणखी एक: हलक्या चांदीची नाणी झिजल्यावर उंचवट्यांवर पिवळसर करडी झाक येते. नवखे लोक ती पाहून नाणं खोटं समजतात आणि मोडीत देऊन टाकतात. तसं करू नका.

आता १९३९ चा रुपया. या राजाच्या नाण्यांत तोच सर्वांत अवघड, आणि त्यामुळे खोटाही तोच सर्वाधिक. त्या तारखेचे रुपये मुळात फार थोडे लोकांपर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर १९४३ पर्यंत सरकारने जुन्या प्रतीच्या चांदीचे रुपये एकेका राजाचे करत कायदेशीर चलनातून काढून घेतले. परत आलेली चांदी वितळली. उरले ते घरांत दडवलेले.

खोटे तीन जातींचे असतात, आणि प्रत्येकाला वेगळी तपासणी लागते.

पहिली जात: १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा ८ कोरून ९ केलेला. इथे वजन, चांदी, कडा, आवाज सगळं खरंच असतं, म्हणून सराफाकडची कसोटी काहीच सांगत नाही. दहापट भिंग घ्या आणि फक्त तारीख पाहा. खऱ्या नाण्यावर नमुना तिथेच आहे: तारखेत ९ दोनदा येतो. दुसरा अंक आणि चौथा अंक यांच्या डोक्याची गोलाई, शेपटीची जाडी, उंची आणि उठाव जुळले पाहिजेत. कोरलेल्या ९ ची शेपटी बारीक किंवा तुटक असते, ८ च्या खालच्या वेटोळ्याचा अंश डाव्या बाजूला राहतो, आणि अंकाभोवतीच्या सपाट जागेत खरडल्याच्या रेघा किंवा उथळ खड्डा दिसतो. कधीकधी दुसऱ्या नाण्यावरचा ९ कापून चिकटवलेला असतो. मग अंकाच्या पायाशी बारीक फट किंवा डाखाचा वेगळा रंग दिसतो. दिवा अगदी आडवा पाडल्याशिवाय हे दिसत नाही.

दुसरी जात: १९४० नंतरच्या हलक्या चांदीच्या रुपयाची तारीख बदललेला. याला कडा उघडी पाडते. जुन्या प्रतीच्या रुपयाची कडा साधी दातेरी आहे. १९४० तारखेपासून रुपयाला सुरक्षा कडा आली: दात्यांच्या मधोमध एक खाच आणि त्या खाचेत बारीक नक्षी. १९३९ तारखेच्या रुपयाला अशी नक्षीची खाच दिसली तर विषय संपला. फोटोवरून व्यवहार करत असाल तर कडेचा फोटो मागा. विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर नाणं सोडा.

तिसरी जात: साच्यात ओतलेला किंवा नव्या ठशाने पाडलेला. ओतलेल्या नाण्याची अक्षरं मऊ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, कडेवर जोडाची रेघ आणि वजन बहुतेक वेळा चुकलेलं. नव्या ठशाने पाडलेला रुपया जास्त धोकादायक, कारण तो जुने रुपये वितळवून त्याच चांदीत पाडता येतो. तिथे खात्रीच्या नाण्याच्या मोठ्या फोटोशी एकेक अक्षर, मणी आणि पान यांची जागा ताडून पाहणं एवढाच उपाय.

धातूची तपासणी घरी करता येते, आणि ती डब्यातल्या सगळ्या चांदीच्या नाण्यांना उपयोगी आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली लहान वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं हातात लटकवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा; ती घनता. जुन्या प्रतीच्या चांदीची घनता सुमारे १०.३, हलक्या चांदीची सुमारे ९.५, निकेलची ८.९. पूर्ण वजनाच्या रुपयाला पाण्यात अनुक्रमे सुमारे १.१३, १.२२ आणि १.३१ ग्रॅम दिसतील. ‘चांदी’ म्हणून दिलेल्या रुपयाला १.३ च्या वर आकडा आला तर ती चांदी नव्हे. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा फुगवतात, म्हणून आधी नाणं ओलं करून बुडबुडे हलकेच काढा. पावलीचं वजन फक्त २.९२ ग्रॅम असल्यामुळे तिथे ०.२८ आणि ०.३१ एवढाच फरक पडतो, त्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटा लागेल. १९४० तारखेच्या पावलीची चांदी तारखेवरून ठरवू नका, कारण बदल त्याच वर्षातला आहे.

चुंबक स्वस्त आणि झटपट. १९४६-४७ च्या वाघाच्या पावल्या, अधेल्या आणि १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचे असल्याने चुंबकाला चिकटलेच पाहिजेत. चांदी, ब्राँझ, क्युप्रोनिकेल आणि निकेल-ब्रास चिकटता कामा नयेत. निकेलचा रुपया २८ मिलिमीटरचा आहे, चांदीचा ३०.५ चा.

तर देऊ केलेला रुपया घ्यावा का? माझा सल्ला: आत्ता नको. तुमच्या पहिल्या पायरीला जुन्या प्रतीच्या चांदीचा एक रुपया हवा आहे, आणि ती जागा १९३८ चा रुपया त्याच्या किमतीच्या लहानशा अंशात भरून काढतो. १९३८ चे दोन-तीन रुपये हाताळल्याशिवाय १९३९ चा खरा कसा दिसतो हे कळत नाही. तरी घ्यायचाच असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या संस्थांनी तपासून डबीत बंद केलेलाच घ्या. डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवा. खोट्या डब्याही असतात, त्यामुळे नुसता क्रमांक खरा निघणं पुरेसं नाही. तपासलेला नसेल तर ‘खोटा ठरला तर पैसे परत’ हे लेखी घ्या. ओळखीच्या माणसाकडे असं मागायला संकोच वाटतो, पण नाणं खरं असेल तर त्यालाही ते लिहून द्यायला अडचण नसते.

काळी पडलेली नाणी घासायची का? नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीच नाही. चांदीवरचा काळा थर पातळ असतो आणि तो खालच्या पृष्ठभागाला धरून असतो. घासलं की थराबरोबर मूळ चकाकीही जाते आणि हजार बारीक ओरखडे राहतात. अनुभवी खरेदीदार ते एका नजरेत ओळखतो आणि किंमत अर्ध्यावर आणतो. निकेल-ब्रासला आंबट पदार्थ लावला तर वरचं जस्त विरघळून पिवळं नाणं तांबूस होतं, आणि ते परत पिवळं होत नाही. ब्राँझवरचा एकसारखा गडद तपकिरी रंग तर नाण्याचं संरक्षण करतो.

दोन गोष्टी मात्र कराव्यात. धूळ-माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात नाणं एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा आणि शेवटी मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. प्लॅस्टिकच्या जुन्या पाकिटांमुळे आलेला हिरवट चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या बाटलीत पाच-दहा मिनिटं ठेवा, मग ताज्या ॲसिटोनमधून एकदा काढून वाळवा. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. ॲसिटोन लगेच पेट घेतं. खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून काम करा. ब्राँझवर भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके असतील तर ते धातू खात जातात. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

ठेवण्याची पद्धत हवामानावर ठरते. कोकणात आणि मुंबईत दमट हवा हा पहिला शत्रू. पुण्या-नागपुरात त्रास कमी, पण पावसाळ्यात तिथेही होतोच. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं टाळा. पुठ्ठ्याच्या चौकोनी, मायलरची (पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी असलेल्या चौकटी वापरा. चांदीच्या रुपयाला ३२.५ मिलिमीटरची खिडकी लागते. पिना चपट्या करा, नाहीतर एका नाण्याची पिन शेजारच्याला ओरखडते. रबरबँडमधला गंधक चांदी काळी करतो, म्हणून त्याने गठ्ठे बांधू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. नव्या लाकडी कपाटापेक्षा लोखंडी कपाट बरं, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पावसाळ्यात दोनदा तरी बदला किंवा तापवून कोरड्या करा. नाणं नेहमी कडेने धरा.

खरेदी कुठे करावी, हे तुमच्या गावावर आहे. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे आणे आणि पैसे मुठीने मिळतात, पण १९३९ सारखं काही तिथे घेऊ नका. नाण्यांच्या प्रदर्शनांत भाव थोडा जास्त पडतो, पण नाणं हातात घेऊन, दोन-तीन टेबलांवर तुलना करून घेता येतं. सुरुवातीला हेच सर्वांत फायद्याचं. चांदीच्या नाण्याची किमान किंमत स्वतः काढता येते: जुन्या प्रतीच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, हलक्यात सुमारे ५.८ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणा. १९४१ ते १९४५ चे सर्वसाधारण रुपये या आकड्याच्या फार वर जाता कामा नयेत. भोक बरोबर मध्यभागी नसलेल्या पैशाला ‘टाकसाळीची चूक’ म्हणून मोठी किंमत सांगितली जाते. भोक थोडं सरकलेलं असणं तर अगदी सामान्य आहे. त्याला जादा पैसे देऊ नका.

‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिरातींना प्रतिसाद देऊ नका. त्यात आधी कर किंवा कमिशन भरायला सांगतात, आणि बऱ्याचदा रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती जुन्या नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. जाता-जाता, डब्यात देवदेवतांची चित्रं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं, १६१६ किंवा १८१८ असं साल घातलेलं ‘आण्याचं’ नाणं असेल तर ते नाणं नसून देवळांजवळ विकलं जाणारं टोकन आहे.

क्रम पुन्हा सांगतो. डबा वेगळा करा, चुंबक आणि काटा लावा, एकोणीसच्या यादीत कोणत्या जागा आधीच भरल्या ते पाहा. बहुधा निम्म्याच्या आसपास भरलेल्या निघतील. उरलेल्यांत आधी पै आणि अर्धा पैसा शोधा, कारण ते लहान असल्याने हरवले जास्त आणि चांगल्या स्थितीत कमी मिळतात. मग वाघाची तीन नाणी, मग हलकी चांदी, आणि सगळ्यांत शेवटी जुन्या प्रतीच्या पावली, अधेली, रुपया. प्रत्येक नाण्याचं वजन, घनता, खूण, कुठून घेतलं आणि किती दिले, हे वहीत पहिल्या दिवसापासून लिहा. आजोबांच्या डब्यातली नाणी त्या वहीत वेगळी दाखवा आणि विकू नका.

कायद्याचं एक राहिलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत. सहाव्या जॉर्जची सर्वांत जुनी नाणीसुद्धा २०३८ पर्यंत या वयात बसत नाहीत. पण त्याच डब्यात व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड किंवा पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या वर्षांची नाणी असतील तर ती अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून देऊ नका. नाणी डब्यात न सापडता वाडा पाडताना जमिनीतून किंवा भिंतीतून निघाली असतील तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विकत घेतलेल्या प्रत्येक चांदीच्या नाण्याची पावती मागून घ्या आणि वहीतच जोडून ठेवा.